स्वरूपची जागा

१

दोष आप्पांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी मशीनला बोल लावेल, कुणी मला, आणि आमचे पाहुणे तर ऋतिकालाच लावतील. पण शब्द आप्पांनी दिला होता. सगळ्यांच्या देखत दिला होता.

खानापूरला, मलप्रभेच्या घाटावर, स्वरूपच्या दहाव्याला. स्वरूप म्हणजे माझा थोरला भाऊ, खानापूर रोडला गाडी घसरून गेला. पिंड मांडला, सगळे मागं सरकले आणि कावळा काही शिवेना. झाडावर ढीगभर बसले होते, खाली एक उतरेना. अशा वेळी काय करतात ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरायचं आणि एकेकानं पुढं होऊन त्याला कबूल करायचं. आईनं हात जोडून सांगितलं, तुझ्या आवडीचं करून वाढत जाईन. कावळा हलला नाही. मामानं काहीतरी पुटपुटलं. नाही. मग मला पुढं ढकललं. मी म्हटलं, आईआप्पांना मी बघतो. एक कावळा उडून वरच्या फांदीवर जाऊन बसला. मागं कुणीतरी हसू दाबल्यासारखं खोकलं.

मग आप्पा पुढं झाले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "तुझी जागा कुणाला देणार न्हाय रं पोरा. हाय तशी ठेवतो. तू कवाबी ये."

कावळा सरळ खाली आला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आप्पा ढसाढसा रडले, मामानं त्यांना धरलं. मी शेजारीच उभा होतो, धडधाकट, जिवंत. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

२

बेळगावात अनगोळातलं आमचं घर लहान आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर, आईआप्पांची खोली. वर एकच खोली. तिला रस्त्याकडं खिडकी, चांगला पंखा, पलंग आणि टेबल. टेबलावर स्वरूपचा कॉम्प्युटर. कंपनी बेंगळूरची, काम घरात बसून; आप्पा हे येईल त्याला सांगायचे. माझ्याबद्दल कुणी विचारलं की "हाय हितंच" म्हणायचे. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे विषय राहत गेले आणि एक दिवस मी गेलोच नाही.

तो गेल्यावर वरची खोली मला मिळेल असं मला वाटलं होतं. वाटलं तर काय चुकलं? मी हॉलमध्ये खाटेवर झोपायचो, आप्पांच्या बातम्या संपल्या की. एकदा जेवताना विचारलं. आप्पांनी भाकरी मोडता मोडता मान वर न करता सांगितलं, "त्याची हाय ती." मेलेल्या माणसाला पंखा, आणि मला हॉलमधले डास.

आप्पा बस डेपोत मेकॅनिक होते. यंत्र रोज चालू केलं नाही की बसतं, एवढं एकच शास्त्र त्यांना येतं आणि ते त्यांनी सगळीकडं लावलं. रोज सकाळी अंघोळ झाली की वर जायचे, उदबत्ती लावायचे आणि कॉम्प्युटरचं बटण दाबायचे. पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. पडद्यावर स्वरूपचं नाव यायचं आणि वर गोलात त्याचा फोटो. तेवढं बघायचे. चहा होईपर्यंत तसंच ठेवायचे, मग बंद करायचे आणि खाली येऊन आईला सांगायचे, "चालू झाला." जणू पोरगं झोपेतून उठलंय. खंडेनवमीला त्या मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या कॉम्प्युटरचंच काम करतो, माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी त्या दिवशी खाटेखाली होती. तिला कुणी बोट लावलं नाही.

अजून एक सांगायला पाहिजे. स्वरूप डावरा होता. त्याचा माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला असायचा, तो गेल्यावरही आई तिथंच पुसून ठेवायची. लहानपणी तो डाव्या हातानं जेवायचा आणि आप्पा म्हणायचे, देवानं दिलेला हात हाय, ऱ्हाऊ दे. त्याचं बघून मी एकदा डाव्या हातानं घास उचलला, तर माझ्या बोटांवर उलथनं बसलं.

३

ऋतिका मच्छेला आली, दुपारच्या सुट्टीत. आमच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथं बाकावर बसली. निपाणीची पोरगी, बेळगावात एका लॅबमध्ये नोकरीला. स्वरूपशी तिचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. पण तिला आधी ओळखत होतो मी. कॉलेजला माझ्या वर्गात होती. मीच एकदा तिला घरी आणलं, नोट्स द्यायला. तेवढ्यात हे साहेब जिन्यावरून उतरले आणि म्हणाले, चहा घेणार काय. झालं. त्यांची सुरुवात पण तीच आणि माझा शेवट पण तोच.

"माझं जमलंय, साई," ती म्हणाली. "गावातच. निपाणीला."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांचे दोघांचे फोटो, गप्पा, सगळं त्या मशीनमध्ये होतं. उद्या कुणाच्या हाताला लागलं तर तिचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडेल. नुसतं डिलीट नको होतं तिला. "तू करतोस ना तसं पूस," ती म्हणाली. "परत कुणाला काढता येणार न्हाय असं. तुला सोडून कुणाला सांगू?"

ते शेवटचं वाक्य मी दोन घोट चहाबरोबर आत ठेवलं. तेवढं ठेवू द्यायला पाहिजे होतं तिनं. पण ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या हिरव्या पट्टीकडं, मग चेहऱ्याकडं. आणि म्हणाली, मान अशी केलीस की त्याच्यागत दिसतोस.

मी तेव्हाच ठरवलं की पुसायचं. तिच्यासाठी नाही. त्या मशीनमध्ये त्याचं नखाएवढंही काही शिल्लक ठेवायचं नव्हतं मला. मशीन रिकामं झालं की आप्पांना सांगणार होतो, बसलं. मग टेबल माझं आणि खोली माझी.

४

रविवारी आईआप्पा खानापूरला बारशाला गेले. घरात मी एकटा. भरदुपार, खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलेलं.

काम काय असतं ते सांगतो. डिस्कचे आतून भाग पाडलेले असतात. साधे भाग सांगितलं की जातात. काही चिवट असतात, राखून ठेवलेले. तिथं मशीन आडवं येतं, हा भाग संरक्षित आहे, काढता येणार नाही म्हणतं. मग आज्ञेच्या पुढं ओव्हरराइड हा शब्द जोडायचा. म्हणजे विचारू नको, काढ. सगळे भाग गेले की अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायची. मग ती डिस्क कोरी, बाजारातून आणल्यासारखी. मच्छेत मी दिवसभर हेच करतो. लोकांच्या ऑफिसातली जुनी मशीनं येतात, मी त्यातले लोक काढून टाकतो.

पेन ड्राइव्ह लावला, मशीन त्यावरून चालू केलं. माउस उजवीकडं घेतला. भाग एकेक करून काढले. त्याचं विंडोज गेलं, त्याचं काम गेलं, ऋतिकाचं जे काय होतं ते गेलं. प्रत्येक वेळी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शेवटी एक राहिला. सगळ्यांत लहान, नाव नाही, अक्षर नाही. ओव्हरराइड लावला. उत्तर आलं, काढला. यादी परत मागवली.

होता. आणि आधीपेक्षा मोठा होता.

होतं असं. मशीन कधीकधी जुनीच यादी धरून बसतं. बंद करून परत चालू केलं, परत काढला. परत उत्तर आलं, काढला. परत यादी. आता त्यानं बाकीच्यांची रिकामी झालेली जागाही घेतली होती. डिस्क जुनी आहे, मी स्वतःला सांगितलं. केबल सैल असेल. पाणी पिऊन येतो आणि केबल बदलतो.

खाली स्वयंपाकघरात तांब्या तोंडाला लावला होता तेव्हा वर खुर्ची सरकली. चाकाची खुर्ची आहे, फरशीवर तिचा आवाज आम्हाला सगळ्यांना पाठ. तो काम करायचा तेव्हा खाली दिवसभर ऐकू यायचा: दारापासून टेबलाकडं, लांबलचक घरंगळ, मग थांबायची. आता तसाच आला. दारापासून टेबलाकडं. थांबला.

फरशीला उतार आहे. खरंच आहे, पाणी सांडलं की खिडकीकडं जातं. पण टेबल खिडकीकडं नाही.

वर गेलो. खुर्ची टेबलाला चिकटून होती, माणूस बसून पुढं झुकतो तेवढी आत. माउस डावीकडं होता. कीबोर्ड सरकवताना माझ्याच कोपरानं गेला असेल असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग बटण दाबून मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह उपसला आणि आईआप्पा येईपर्यंत बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

५

रात्रभर एकच डोक्यात. सकाळी आप्पा बटण दाबतील, पडदा काळा राहील आणि मग मला धरतील. काय सांगायचं त्याची तयारी करून ठेवली होती. लाइट कमीजास्त झाली, बॅटरी बसली, तुमच्या शास्त्राप्रमाणं.

आप्पांची अंघोळ झाली. वर गेले. उदबत्तीचा वास जिन्यावरून खाली आला. मी खाटेवर पांघरुणात पडून वाट बघत होतो. आप्पा खाली आले, आईच्या हातातला कप घेतला.

"चालू झाला," म्हणाले.

मी वर गेलो. विंडोज मी माझ्या हातानं काढलं होतं. पडद्यावर त्याचं नाव होतं, वर गोलात त्याचा फोटो. खाली पासवर्डची रिकामी चौकट, तिच्यात रेघ लुकलुकत होती. मी इतका वेळ बघत उभा राहिलो की खालून आप्पांनी हाक मारली, काय करतोस रं तिथं, हात लावू नको त्याला.

त्याला. मशीनला नाही.

काढलेलं लिहिलंच गेलं नसेल, मी मनाशी म्हटलं. बटण दाबून बंद केलं ना आपण, त्यामुळं. दुसऱ्या दिवशी आप्पा न्हाणीत गेले तसा वर जाऊन मी सीपीयू उघडला. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. झाकण लावून ठेवलं, डिस्क डब्याच्या पिशवीत टाकली आणि मच्छेला निघालो. आता काय चालू करता ते बघू, म्हटलं.

६

मच्छेत माझ्या टेबलाशेजारी जोतिबा अण्णा बसतात. त्यांचं वय आप्पांएवढं, तोंड मात्र पोरासारखं चालू. मी डिस्क डॉकला, म्हणजे सुटी डिस्क चालवायच्या खोबणीला, लावली. पडद्यावर एकच भाग आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नाव नसलेला. अण्णा वाकून बघून म्हणाले, "मोकळी हाय की रं ही. मोकळ्यालाच काय पुसाय लागलास?"

मला भरलेली दिसत होती. भाग काढायच्या भानगडीतच पडलो नाही या वेळी. सरळ अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायची आज्ञा दिली. तिला वेळ लागतो. डॉकचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

जेवायच्या सुट्टीआधी आईचा फोन आला.

"स्वरूप, येताना पालक आण रं."

"आई, मी साई."

"व्हय, तेच म्हटलं की." मग म्हणाली, आप्पा आज लई खुशीत हायत. आज तर बटण दाबायच्या आधीच चालू झालता म्हणं.

माझ्या डोळ्यांसमोर डिस्क डॉकमध्ये होती. तिच्यावर बोट ठेवलं. गरम होती, काम करत होती. आप्पांना भास होतो, म्हातारा झालाय, मी म्हटलं. आई नावात चुकते, सगळ्याच आया चुकतात. यातलं एकेक खरं होतं. सगळं एकत्र धरून बघायचं मी टाळलं.

हजेरीच्या वहीत सुट्टीची सही करताना अण्णा म्हणाले, "डावरा कवापास्नं झालास?" पेन डाव्या हातात होता. सही मात्र सुबक आली होती, माझी कधी येत नाही तशी. मी पेन उजव्या हातात घेतला तर अक्षर लहान पोरासारखं वाकडं आलं. अण्णा हसत जेवायला गेले.

मी दिव्याकडं बघत बसलो. थांबवता आलं असतं. केबल ओढली असती की संपलं. तेव्हा मला वाटत होतं की त्याचं पुसलं जातंय, आणि मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं. त्याच्या दहाव्याला मी जसा उभा होतो तसाच, बाजूला.

दिवा स्थिर झाला. झालं, असं उत्तर आलं.

अण्णा हात पुसत आत आले आणि माझ्या खुर्चीशी थांबले. चेहऱ्यावर एक अदब होती, ती मी त्यांच्या तोंडावर कधी बघितली नव्हती.

"कोण पायजे, सर?"

मी हसलो. ते असली चेष्टा करतात. ते हसले नाहीत. मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवायला हात वर नेला. गळ्यात पट्टी नव्हती.

७

घरी गेलो तर आईनं दार उघडून पालक घेतला आणि चेहरा पुसायला स्वतः टॉवेल दिला. हॉलमध्ये माझी खाट नव्हती. तिथं मोकळी फरशी, आणि फरशीवर खाटेच्या पायांचे डागसुद्धा नाहीत.

जेवायला बसलो. आप्पांनी त्यांच्या ताटातली भाकरीची पापुद्रा आलेली बाजू मोडून माझ्या ताटात ठेवली. हात आपसूक डावाच पुढं गेला. घास घेतला आणि बोटांवर उलथनं बसायची वाट बघितली. आप्पांनी बघितलं आणि डाळीची वाटी डाव्या बाजूला सरकवून दिली.

हे मला हवं होतं. लहानपणापासून एवढंच हवं होतं. दुसरा घास मी ताटातच ठेवला.

"दमलास," आप्पा म्हणाले. "जा, वर जाऊन पड. पंखा लावलाय."

जिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर स्वरूपचा फोटो असतो, हार घातलेला, निळा शर्ट. आईनं त्या दिवशी हार नवा घातला होता, जाडजूड, निम्मा फोटो झाकणारा. मी मान खाली घालूनच चाललो होतो. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं दिसलं. हाराच्या खाली, शर्टावर, एक हिरवी पट्टी.

मी वर बघितलं नाही. आजपर्यंत बघितलेलं नाही.

वर मशीन चालू होतं. पासवर्डच्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. मी बसलो, खुर्ची आत ओढली, आणि माझ्या बोटांनी मला न विचारता सहा-सात अक्षरं मारली. उघडलं.

तेवढ्यात ऋतिकाचा फोन आला. मी विचारलं, निपाणीच्या स्थळाचं काय झालं. ती हसली. "कुठलं स्थळ रं? साईचं वर्ष सरेपर्यंत थांबूया म्हणालतास न्हवं तूच? थांबलेय की मी."

८

सांगून बघितलं. आईला सांगितलं की मी साई आहे. ती रडायला लागली, तुला त्याचं लईच लागलंय म्हणाली, आणि आप्पांना बोलावलं. आप्पा खाटेवर, म्हणजे स्वरूपच्या पलंगावर, माझ्या शेजारी बसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीला तो हात ओळखीचा नव्हता.

"त्याची काळजी करू नको," म्हणाले. "ते पोरगं सुटलं. त्याचं कशात मनच न्हवतं. आठवत न्हाय तुला, घाटावर?"

काय आठवायचं, मी विचारलं.

आप्पांनी सांगितलं. कौतुकानं सांगितलं, जणू साईनं, म्हणजे मी, पहिल्यांदाच त्यांना कसला त्रास दिला नव्हता.

मला खोली मिळाली, पंखा मिळाला, ऋतिका मिळाली, आप्पा मिळाले. साईराज गेला. त्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, कुणाला काही कबूल करावं लागलं नाही.